गेट नंबर दोन

सुधन्वा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या एका हातात अर्धा खाल्लेला आलू-पराठा होता आणि दुसऱ्या हातात माझ्या टेपचं टोक.

टोक मीच दिलं होतं. हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूनं जी टेकडी चढत जाते, तिला दिल्लीत सगळे नुसतं रिज म्हणतात. माझं एमएस्सी बॉटनीचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्ट त्या रिजवरच्या वेड्या बाभळींचा. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, आतली झाडं मोजायची, लिहायची, पुढच्या चौकोनाकडे जायचं. हे काम दोघांचं असतं. माझी पार्टनर संपदा ताप आला म्हणून आली नव्हती, आणि ताप तिला दर शुक्रवारी यायचा, कारण तिच्या बॉयफ्रेंडची सुट्टी शुक्रवारी असायची. मी चिडलेली होते. बाकावर एक मुलगा माकडांकडे पाठ करून पराठा खात बसला होता. मी त्याला हिंदीतच म्हटलं, की खाणं झालं असेल तर जरा हे धर, आणि नसेल झालं तरी धर.

त्यानं धरलं. काही विचारलंही नाही.

मी मोजायला लागले. मोजते मी मराठीतच, ते काही सुटत नाही. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ…

"एकोणसाठ म्हणजे… फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?" मागून आवाज आला. मराठीत.

मी वळून बघितलं. केस कपाळावर, मिशीला दही लागलेलं, आणि चेहऱ्यावर खराखुरा प्रश्न. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. दिल्लीत वाढलेल्या मराठी पोरांचं असंच असतं, 'एकोण' आलं की त्यांची गाडी रुळावरून उतरते.

मी सांगणार तेवढ्यात शिट्टी वाजली. रिजवरचा गार्ड काठी आपटत आला आणि हिंदीत ओरडायला लागला, की झुडपात काय चाललंय, रोज येऊन समजावतो तरी लाज नाही. मी टेप दाखवली, वही दाखवली, बाभळी मोजतेय म्हणाले. तो म्हणाला, रोज नवीन बहाणा असतो तुम्हा लोकांचा. यावर सुधन्वानं त्याला शांत करण्यासाठी जे म्हटलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

"भैया, हम तो एक-दूसरे का नाम भी नहीं जानते।"

गार्डचा चेहरा असा झाला, की आम्हाला आता थेट कोर्टातच नेतो की काय. आम्ही पळालो. टेप मागे फरफटत होती आणि मी इतकी हसत होते की मला धाप लागली. खाली रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, नाव सांगून टाक बाबा एकदाचं, पुन्हा पकडले गेलो तर उपयोगी पडेल. सुधन्वा आगाशे. एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्स. राहायला नोएडाला. माझं नाव ऐकल्यावर त्यानं ते एकदा हळू म्हणून बघितलं. श्रा-वस्ती… जिभेवर काहीतरी नवीन चव आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी रिजवर पोचले तर तो आधीच हजर. आज दोन पराठे आणलेत, म्हणाला. एक टेपचं भाडं.

ऑक्टोबर होता. त्या महिन्यात दिल्लीला सप्तपर्णीचा वास सुटतो. गोड, जड, डोकं धरायला लावणारा. बऱ्याच लोकांना तो सोसत नाही, मला आवडतो. संध्याकाळ झाली की आम्ही चौकोन आखणं थांबवायचो आणि नुसते चालायचो. तो बडबड्या, मी भांडखोर. तो मला विचारायचा, आज किती बाभळींना नापास केलंस? मी म्हणायचे, बाभळी पास आहेत, टेप धरणाराच नापास आहे, वाकडी धरतो. मग तो टेपचं टोक धरून एक-एक पाऊल जवळ यायचा, मधली टेप ढिली पडत जायची, आणि मी लक्ष वहीत आहे असं दाखवत… कशाला खोटं बोलू, वहीत त्या दिवसाचे आकडे चुकलेले आहेत.

तिसऱ्याच आठवड्यात मी त्याला सांगून टाकलं. आमचं गाव वाशिम. बाबा इथे केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. आम्ही बौद्ध आहोत. हे मी सगळ्यांना लवकर सांगते, कारण उशिरा कळल्यावर माणसांचे चेहरे कसे बदलतात ते मी अकरावीत बघितलंय आणि तो खेळ मला पुन्हा बघायचा नाही.

सुधन्वाचा चेहरा बदलला नाही. तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही यार."

"तुला पडत नाही, कारण तुला तो कधी पडलाच नाही," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, बरोबर आहे. वाद घातला नाही. मला वाटतं मी त्याच क्षणी त्याच्या प्रेमात पडले. देखणी मुलं दिल्लीत खूप असतात. चूक कळल्यावर गप्प बसणारा मला पहिलाच भेटला होता.

त्यानंतर आम्ही बोलण्याच्या पुढे गेलो. आता कुणी नाक मुरडू नये. आम्ही बावीस-तेवीस वर्षांची माणसं होतो. डिसेंबरच्या धुक्यात रिजच्या वाटेवर त्यानं माझ्या मफलरची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली, आणि तिसऱ्यांदा बांधायची विसरला. त्याचे ओठ थंडगार होते आणि श्वास गरम. मला वाटलं होतं मी घाबरेन. घाबरले नाही. उलट घरी जाऊन उशीवर पडल्यावर माझी मलाच गंमत वाटली, की एवढं भांडकुदळ शरीर एका माणसाजवळ इतकं गप्प कसं होतं.

पण या शहरात प्रेमाला बसायला जागा नाही. बागेत गार्ड, मेट्रोत काका लोकांचे डोळे, पीजीत मालकीण. डिपार्टमेंटमधल्या प्रत्येक जोडीनं आपापली सोय शोधली होती. कुणाच्या मित्राची विजयनगरची खोली, कुणाचं तासावर मिळणारं हॉटेल. हॉटेलवाले लोकल आयडी घेत नाहीत, म्हणून संपदा आणि तिचा बॉयफ्रेंड आपापल्या गावाचे आधारकार्ड घेऊन प्रवासी असल्यासारखे सॅक पाठीला लावून जायचे. सॅकमध्ये जुने पेपर भरलेले. ती हे हसत सांगायची, मी पण हसायचे, आणि मग मला राग यायचा. कुणावर ते कळायचं नाही. ज्या देशात लग्नाला पाचशे माणसं जेवायला बोलावतात, तिथे दोन माणसांनी एकमेकांना भेटायला पेपर भरलेली सॅक का लागते?

सुधन्वानं माझ्याजवळ कधी हॉटेलचं नाव काढलं नाही. मीही नाही. इच्छा दोघांनाही होती. चालता चालता आम्ही अचानक गप्प व्हायचो आणि दोघांनाही कळायचं की आपण एकाच गोष्टीचा विचार करतोय.

जानेवारीत एक गोष्ट घडली. तेव्हा मी ती छोटी म्हणून सोडून दिली.

कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं गेस्टहाउस आहे, तिथल्या कॅन्टीनला आम्ही थालीपीठ खायला गेलो होतो. थालीपीठ बरं होतं, दही आंबट होतं, आणि सुधन्वा माझ्या ताटातला लोण्याचा गोळा मला न विचारता पळवत होता. तेवढ्यात सुधन्वाच्या आई-बाबांच्या मराठी मंडळातले विनयकाका आले. दिल्लीतला मराठी माणूस मराठी ऐकू आलं की येतोच, आणि त्याचे प्रश्नही ठरलेले. नाव काय, आडनाव काय, मूळ गाव कुठलं. तीन प्रश्नांत ते जिथे पोचायचं तिथे पोचतात. काकांनी माझ्याकडे बघत पहिला प्रश्न विचारला. मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी सुधन्वा बोलला. म्हणाला, काका, ही आमच्या युनिव्हर्सिटीतली, प्रोजेक्टचं काम आहे.

काका गेले. मी विचारलं, मी मुकी आहे का? तो म्हणाला, तसं नाही, काका घरी जाऊन आईला सांगतील, आईला मी स्वतः नीट सांगणार आहे, योग्य वेळ आली की. कधी येते ही वेळ, मी विचारलं, कुठल्या गाडीनं? तो हसला, मी पण हसले. प्रेमात पडलेली बाई मूर्ख असते असं म्हणत नाही मी. पण तिला ऐकू कमी येतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्याचे आई-बाबा चार दिवसांसाठी पुण्याला गेले, चुलतबहिणीच्या लग्नाला. त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी हवेबद्दल बोलला, मग सेमिस्टरबद्दल, मग थांबला.

"श्रावस्ती… घर रिकामं आहे."

मी खिडकीत उभी होते. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं.

"शनिवारी येते," मी म्हणाले.

त्यानं मला ओढलं नव्हतं, गळ घातली नव्हती. मी जात होते, कारण मला जायचं होतं. आईला संपदाकडे जाते असं सांगितलं, तेवढं एक खोटं. मोहरीच्या फुलांच्या रंगाचा कुर्ता घातला. तीन वेळा केस बांधले, तीन वेळा सोडले. विश्वविद्यालय स्टेशनवर मेट्रोत बसले, राजीव चौकला गाडी बदलली, यमुनेवरून जाताना काचेत माझाच चेहरा दिसला आणि मी त्याला म्हटलं, बाई, तू लाजतेयस की काय.

सेक्टर बावन्नला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. कोवळं ऊन होतं. रिक्षानं त्यांच्या सोसायटीपर्यंत आले. बावीस मजल्यांचे सहा टॉवर, भोवती उंच भिंत. मी फोन काढला तर त्याचा मेसेज आलेला होता, पाच मिनिटांपूर्वी.

'ऐक ना, मेन गेटवरून येऊ नकोस. तिथे नाव टाकलं की आई-बाबा दोघांच्या फोनवर वाजतं. मागे गेट नंबर दोन आहे, स्टाफचं. आमची कामवाली रजेवर आहे. तिच्या बदलीवर आलेय सांग, अकराशे चार. तिथला गार्ड कुणाला फोन करत नाही. मागची लिफ्ट आहे, तीच घे. लवकर ये यार. मी वेडा होतोय इथे.' पुढे तीन लाल बदाम.

मी तो मेसेज वाचत वाचत मागच्या बाजूला गेलेसुद्धा. पाय आपोआप गेले. कारण माझ्या अंगात दुसरंच काहीतरी चाललं होतं. अकरावा मजला, ते दार, दाराआडचा तो.

गेट नंबर दोनपाशी पाच-सहा बायका रांगेत होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात कार्ड, कार्डावर फोटो आणि नाव. बाहेर येणारी एक बाई गार्डसमोर पिशवी उघडून दाखवत होती. डबा, छत्री, एका मुलाचा शाळेचा स्वेटर. गार्डनं स्वेटर उचलून बघितला आणि परत टाकला. ती पिशवी बंद करून चालायला लागली, तिला सवय होती.

आणि माझे पाय थांबले.

माझी आजी, मीराबाई, वाशिमला चार घरची भांडी घासायची. त्या चारही घरांना पुढे ओटा होता, ओट्याला पायऱ्या होत्या, आणि आजीचे पाय त्या पायऱ्यांना कधी लागले नाहीत. ती परसातून जायची. न्हाणीपाशी भांडी ठेवलेली असायची, ती घासायची, परसातूनच परत. माझ्या बाबांनी दहावीला बोर्डात नंबर काढला तेव्हा त्यांतल्या एका घरानं पेढे द्यायला बोलावलं. आजी बाबांना घेऊन गेली आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसली. बसूनच राहिली. पेढे इथेच आणा म्हणाली.

त्या बाईची नात मी, एमएस्सी बॉटनी, मोहरीच्या रंगाचा कुर्ता घालून परसदाराच्या रांगेत उभी होते. आणि समोरच्या बायका माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. त्या निदान स्वतःच्या नावानं आत चालल्या होत्या. कामाची लाज नाही मला. पण मला आत यायचं तर माझं नावच बाहेर सोडून ये, असं सांगितलं जात होतं.

मी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्यानं.

"आलीस? गेटवर आहेस?"

"सुधन्वा, हा मेसेज तू लिहिलास?"

"हो… का? काय झालं? काही विचारलं का गार्डनं?"

"पुन्हा एकदा वाच. मोठ्यानं. मला ऐकव."

त्यानं वाचायला सुरुवात केली. 'कामवाली'पर्यंत आला आणि थांबला.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे यार," तो हळू म्हणाला. "माझ्या मनात तसं काही… बाय गॉड. एकदा आत आलीस की…"

"आत आले की काय? आत आले की मी कोण?"

मी फोन ठेवला.

परत जावं असं एकदा वाटलं. स्टेशन जवळ होतं. पण रागानं मला आजवर कधी मागे नेलेलं नाही. मी त्या उंच भिंतीच्या कडेनं पूर्ण वळसा घातला आणि मेन गेटवर आले. तिथला गार्ड वयस्क होता, हातात चहाचा कागदी कप, समोर टॅबलेट.

"किसके यहाँ?"

"सुधन्वा आगाशे. ग्यारह सौ चार. नाम लिखिए, श्रावस्ती इंगळे. काम मत लिखिए, मेहमान लिखिए।"

त्यानं टाइप केलं. माझा फोटो काढला. मी सरळ कॅमेऱ्यात बघितलं. मग त्यानं बटण दाबलं, आणि मला कळत होतं की आत्ता, या सेकंदाला, पुण्याच्या कुठल्यातरी मंगल कार्यालयात शालूच्या पदराखाली एक फोन वाजतोय, सुपारी कातरणाऱ्या एका माणसाच्या खिशात दुसरा वाजतोय, आणि अकराव्या मजल्यावर तिसरा. तिन्हींवर माझं तोंड आणि माझं नाव. खाली दोन बटणं, हो आणि नाही.

कुणी काहीच दाबलं नाही. गार्ड म्हणाला, जवाब नहीं आ रहा बेटा. मी म्हटलं, रुकती हूँ.

मी मनाशी ठरवलं. या माणसाचा चहा संपेपर्यंत थांबायचं. तोवर सुधन्वा खाली आला तर आला. नाही आला तर पुढच्या सोमवारपासून माझ्या टेपचं टोक एखाद्या बाभळीला बांधीन, पण त्याच्या हातात देणार नाही. डोळ्यांत पाणी येत होतं, ते मी येऊ दिलं नाही. चहा अर्ध्यावर आला. मग गार्डनं कप टॅबलेटशेजारी ठेवला आणि उगाच रजिस्टर चाळायला लागला. मला वाटतं त्याला समजलं होतं. तो मुद्दाम वेळ काढत होता.

शेवटचे दोन घोट उरले असताना सुधन्वा धावत आला. घरातली रबरी चप्पल, उलटा घातलेला टीशर्ट, आणि हातात वाजणारा फोन. पडद्यावर 'आई'.

तो माझ्यासमोर उभा राहिला. मी काही म्हणाले नाही, खूणही केली नाही. हे त्याचं त्यानंच करायचं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला.

पलीकडून सनईच्या वर चढलेला एक आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मला फक्त सुधन्वाचं ऐकू येत होतं.

"हो आई. श्रावस्ती… नाही, प्रोजेक्ट नाही. विनयकाकांना मी खोटं सांगितलं होतं… आई, ऐक. माझं प्रेम आहे हिच्यावर… वाशिमचे. हो, बौद्ध आहेत ते… हो, तुम्ही नसताना मी बोलावलं. मी बोलावलं, ती आपणहून आली नाही. आणि चोरून ये म्हणालो, मागच्या गेटनं. तिनं ऐकलं नाही म्हणून तुला कळलं, नाहीतर मी कधी सांगितलं असतं कोण जाणे."

फोन कट झाला.

गार्डच्या टॅबलेटनं टिंग केलं. त्यानं चष्मा वर केला, वाचलं, आणि कुणाच्यातरी मयताला गेल्यासारख्या आवाजात म्हणाला, "मैडम ने मना कर दिया है।"

आम्ही तिघंही टॅबलेटवरच्या त्या लाल चौकोनाकडे बघत राहिलो.

"थांब," सुधन्वा म्हणाला. "माझ्या फोनवरून मी हो करू शकतो. भैया, नाम फिर से डालिए, मैं करता हूँ।"

मी त्याचं मनगट धरलं. "नको. घर त्यांचं आहे. त्यांनी माझं नाव वाचलं, फोटो बघितला आणि नाही म्हणाल्या. ठीक आहे, निदान मला नाही म्हणाल्या. एखाद्या कामवालीच्या बदलीला नाही." मी त्याचं मनगट सोडलं. "चोरून मला जायचं नव्हतं. घुसून पण जायचं नाही. चल, आमच्याकडे."

"आत्ता? असा? या चपलेत?"

"आमच्याकडे दाराबाहेर काढूनच ठेवायच्या आहेत."

गार्डनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

शनिवार होता तरी मेट्रोत बसायला जागा मिळाली. यमुनेच्या पुलावर त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, मी काय लिहिलं ते मला लिहिताना कळलंच नाही. माहीत आहे, मी म्हटलं, म्हणूनच जास्त राग आला. मी त्याला आजीच्या ओट्याचं सांगितलं, पेढ्यांसकट. तो ऐकत राहिला. माफी मागितली, एकदाच, स्पष्ट, कुठलंही 'पण' न जोडता. मी लगेच माफ केलं नाही. राजीव चौकला गाडी बदलताना गर्दीत त्याची चप्पल कुणाच्यातरी पायाखाली आली, तो लंगडी घालत डब्यात चढला, आणि तेव्हा मला हसू आलं. हसल्यावर फार वेळ रागावता येत नाही, ही माझी अडचण आहे.

या दुसऱ्या गाडीत दाराशी टेकून उभे होतो. त्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अजून… इच्छा आहे?"

"आहे. तुला काय वाटलं, गेटवर जमा करून आले?"

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतील. इच्छा तशीच होती, कणभर कमी नाही. पण आता ती माझ्या नावानं होती.

तिमारपूरला दार आईनं उघडलं. बाबा जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून मेथी निवडत होते, दर शनिवारचं त्यांचं काम. मी आत शिरले, माझ्यामागे उलट्या टीशर्टातला एक अनवाणी मुलगा. माझी आई विजया, ती शब्द वाया घालवत नाही. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि संपदाची तब्येत कशी आहे असं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. संपदाकडे गेले नव्हते. याच्या घरी निघाले होते. घरात कुणी नव्हतं, ते माहीत होतं, म्हणूनच निघाले होते. बाबांची बोटं मेथीच्या काडीवर थांबली. पंखा बंद होता तरी पेपर हलल्यासारखा वाटला.

"मग?" बाबांनी विचारलं.

"गेटवरून परत आले. नाव न सांगता मागून ये म्हणाला."

"आणि हा?"

"पुढच्या गेटवर नाव सांगितल्यावर हा खाली आला."

बाबांनी सुधन्वाकडे बघितलं. बराच वेळ. तो बसला नव्हता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. त्यानं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं श्यामकांत, आईचं चंद्रप्रभा, आणि म्हणाला, काका, चूक झाली माझ्याकडून, ती मी लपवणार नाही, आणि हिलाही आता लपवणार नाही. फार बरं वाटलं किंवा फार वाईट वाटलं की बाबा बोलत नाहीत. त्यांनी समोरची खुर्ची पायानं सरकवली आणि मेथीची एक जुडी त्याच्यापुढे टाकली.

"निवड. पाला इकडे, काड्या तिकडे."

त्यानं आयुष्यात मेथी निवडली नव्हती. पाला काड्यांत आणि काड्या पाल्यात जायला लागल्या. आई न बोलता त्याचा ढीग दुरुस्त करत होती. बाबा सांगत होते, पुढचं पुढे, आधी दोघांनी एमएस्सी धड पूर्ण करायची, माझ्या मुलीच्या मार्कांना धक्का लागला तर तुझं काही खरं नाही. मी त्याच्या शेजारी बसले होते. आमचे गुडघे लागत होते.

आणि फोन वाजला. पेपरवर, मेथीत. 'आई'.

सुधन्वानं या वेळी कुणाकडे बघितलं नाही. उचलला.

"हो आई. तिच्या घरी आहे… नाही, आता नाही निघत. जेवून येईन… आई, पुढच्या वेळी तू असताना आणीन तिला. मेन गेटनं. तू नाही म्हणालीस तर पुन्हा आणीन. दर शनिवारी आणीन." त्याचा आवाज घाबरलेला होता, पण थांबत नव्हता. मग तो ऐकत राहिला. फोनवर हात ठेवून तो बाबांना म्हणाला, "आईला… तुमच्याशी बोलायचंय."

माझ्या आईनं हातातली मेथी खाली ठेवली. बाबांनी हात पुसले, आधी पेपरला, मग लेंग्याला. खुर्ची मागे सारून ते उभे राहिले. ते ऑफिसात सेक्रेटरीसमोर कसे उभे राहतात मला माहीत नाही, पण त्या क्षणी ते एखादं अवजड ओझं डोक्यावरून उतरवून ताठ झाल्यासारखे दिसले. फोन कानाला लावला.

"नमस्कार ताई. मी संघपाल बाबुराव इंगळे बोलतोय. श्रावस्तीचे वडील," ते म्हणाले. "बोला."

पलीकडे सनई थांबलेली होती. कुणीतरी श्वास घेतल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. मी सुधन्वाचा हात धरला, टेबलावर, मेथीच्या काड्यांमध्ये, आई बघत असताना, आणि सोडला नाही.